चूक की पाठभेद? भजनातले शब्द कसे टिकतात आणि कसे बदलतात

“पीएचडी कशात करतेस?”

“भजनात.”

“अगंबाई! म्हणजे गातेस?”

लग्नकार्यात हा संवाद इतक्यांदा झालाय की हल्ली मी “मराठीत” एवढं सांगून मोकळी होते. खरं उत्तर जरा लांबलचक आहे. मी गात नाही, ऐकते. एकच अभंग वेगवेगळ्या गावांतल्या भजनी मंडळांत कसा म्हणतात ते रेकॉर्ड करायचं, शब्दन् शब्द उतरवून काढायचा, आणि मग छापील गाथेशी आणि एकमेकांशी ताडून बघायचा. कुठे शब्द बदलतो, कुठे अजिबात बदलत नाही, आणि असं का होतं, हा माझा प्रश्न.

या प्रश्नाचं खरं वजन मला कळलं ते माझ्याच एका आगाऊपणामुळे.

पहिल्या वर्षीची गोष्ट. पुणे जिल्ह्यातल्या एका गावात एकादशीला विठ्ठलमंदिरात बायकांचं भजन असतं. गोल बसायचं आणि एकीनंतर एकीने अभंग धरायचा. मंडळातल्या सगळ्यात वयस्कर आजींची पाळी आली. त्यांनी तुकोबांचा एक अभंग धरला आणि तिसऱ्या कडव्यात एक शब्द गाथेपेक्षा वेगळा म्हणाल्या. माझ्या मांडीवर गाथा उघडीच होती. अभंग संपल्या संपल्या मी उत्साहाने म्हटलं, “आजी, इथे पुस्तकात दुसरा शब्द आहे बघा,” आणि पान पुढे केलं. आजींनी पानाकडे बघितलं, “बरं” म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा अभंग धरला नाही. पुढच्या एकादशीला पाळी आली तेव्हा टाळ शेजारणीकडे सरकवत म्हणाल्या, “तूच म्हण बाई. पुस्तक हाय तुज्याकडं.”

घरी येऊन मी एक्सेल शीट उघडली. त्यात एका रकान्याचं नाव मीच ठेवलं होतं: ‘चूक’. तो रकाना का चुकीचा होता, त्यावर ही पोस्ट.

आधी थोडी ओळख: कोण काय गातं?

आपण सगळ्यालाच सरसकट ‘भजन’ म्हणतो, पण प्रकार बरेच आहेत. त्यांच्याकडे बघताना मला एक साधा प्रश्न उपयोगी पडतो: हे गाणं चालू राहण्यासाठी किती जणांना ते पाठ असावं लागतं?

जात्यावरची ओवी एकटीचीसुद्धा असते, नाहीतर दोघींची. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे, म्हणजे ही गोष्ट किती जुनी ते बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. या ओवीत बाई विठ्ठलाशी बोलते तशी भावाशी आणि सासूशीही बोलते. जुनी ओवी म्हणता म्हणता तिथल्या तिथे नवी जोडते. ती कुणी तपासत नाही.

नारदीय कीर्तन दुसऱ्या टोकाला. एक कीर्तनकार, साथीला पेटी-तबला. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. पाठांतराचा जवळजवळ सगळा भार एकाच माणसावर. तो अडखळला तर मागून सावरणारं फारसं कुणी नाही.

वारकरी कीर्तनात मात्र कीर्तनकाराच्या मागे टाळकऱ्यांची रांग उभी असते, सोबत पखवाज आणि वीणा. कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो आणि बोलता बोलता दुसऱ्या अभंगांची ‘प्रमाणं’ देतो. आता पुढच्या वेळी नीट लक्ष द्या: बऱ्याचदा तो प्रमाणाचे पहिले दोन-चार शब्दच म्हणतो, उरलेलं टाळकरी चालीवर उचलतात. म्हणजे तो अभंग कुणा एकाच्या डोक्यात नाही, रांगेत साठवलेला आहे.

आणि मग भजन. यातही घरं वेगवेगळी. पाळीपाळीने अभंग धरायचं चक्री भजन, पेटी-तबल्यावरचं संगीत भजन, कोकणात आणि मुंबईत रंगणारी दोन बुवांमधली डबलबारी. भारूड आणि गौळण यांचं स्वतंत्र जग आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. आज आपण चक्री भजनातल्या अभंगापाशी थांबू, कारण इथे कुणालाही पाळी येऊ शकते. त्यासाठी अभंगाची बांधणीच तशी लागते.

अभंगाचा सांगाडा

शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरूच्या खुणा करून सगळ्यांच्याच डोक्याला ताप झालेला असतो. अभंगात ती भानगड नाही. हा अक्षरछंद आहे, अक्षरं मोजायची फक्त. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. लहान अभंगात साधारण आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, शेवटी यमक. एखादं अक्षर कमीजास्त झालं तर गाताना ओढून किंवा दाबून भागतं.

संतांच्या ओळी उदाहरणाला न घेता मी वर्गात माझंच एक रडगाणं घेते:

आज पावसाने / अडकली गाडी /
दूर माझी वाडी / चालू कशी

मोजून बघा, सहा-सहा-सहा-चार. आता समजा ही ओळ चार गावांत वर्षानुवर्षं तोंडी फिरली. कुणी ‘आज पावसाने’ऐवजी ‘भर पावसाने’ म्हणेल. कुणी ‘दूर’च्या जागी ‘लांब’ म्हणेल, कुणी शेवटी ‘जाऊ कशी’ म्हणेल. काही बिघडलं? अक्षरं तेवढीच, अर्थ तोच, ताल तोच. पण कुणी ‘अडकली गाडी’ऐवजी ‘अडकली बस’ म्हटलं तर? अक्षरं सहाच आहेत, अर्थही जवळपास तोच. पण पुढे ‘वाडी’ आली की कान लगेच अडखळतो. म्हणणारी स्वतःच थांबेल, नाहीतर शेजारची ‘गाडी’ म्हणून टाकेल.

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये हेच पुन्हा पुन्हा दिसतं. शब्द बदलतात ते बहुतेक चरणाच्या सुरुवातीला किंवा मध्ये. यमकाच्या जागी ते घट्ट बसलेले असतात. शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा, म्हणजे ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’, हीसुद्धा अशीच खुंटी. थोडक्यात, अभंगाला काही खिळे ठोकलेले आहेत आणि खिळ्यांच्या मधलं कापड थोडं हलतं. आजींचा ‘चुकलेला’ शब्द कुठे होता? पहिल्या चरणात, सुरुवातीला. अक्षरं तेवढीच. अर्थही तोच.

मौखिक काव्याचा अभ्यास करणाऱ्यांना इथे मिल्मन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड आठवतील. त्यांनी युगोस्लाव्हियातल्या वीरगाथा गाणाऱ्यांचा अभ्यास केला. लॉर्ड यांचं ‘द सिंगर ऑफ टेल्स’ हे पुस्तक १९६० चं. ते गायक ठरावीक शब्दसंचांच्या आधारे दर वेळी गाणं नव्याने रचत. पण हे जसंच्या तसं भजनाला लावता येत नाही. आजी अभंग रचत नव्हत्या, आठवत होत्या. त्यांच्या दृष्टीने तो तुकोबांचाच शब्द होता. म्हणून ‘गाणारा दर वेळी नवं रचतो’ असं म्हणणं आजींवर अन्यायच होईल.

ध्रुपद: सगळ्यांनी मिळून धरलेली ओळ

गाथेत बहुतेक अभंगांच्या दुसऱ्या कडव्यापुढे ‘ध्रु.’ असं छापलेलं असतं. वाचताना आपण ते बघतही नाही. गाताना मात्र सगळी गंमत त्याच्यातच आहे. ध्रुपद म्हणजे परत परत येणारी, सगळ्यांनी उचलायची ओळ. प्रत्यक्षात मंडळं बऱ्याचदा पहिली ओळच ध्रुपदासारखी वापरतात.

याचा व्यवहारातला फायदा असा: अभंग धरणारीला सगळी कडवी यायला हवीत, बाकीच्यांना एक ओळ आली तरी पुरे. ध्रुपद चालू असताना धरणारीला श्वास घ्यायला आणि पुढचं कडवं आठवायला वेळ मिळतो. नवीन आलेली सून पहिल्या दिवशी ध्रुपद म्हणते. तेच ते वीस वेळा ऐकून काही महिन्यांत तिला एखादं कडवं येतं, आणि एक दिवस टाळ तिच्याकडे सरकतो. शाळा नाही, फी नाही, परीक्षा नाही. अक्षरओळखीची अटसुद्धा नाही. आठ मात्रांचा भजनी ठेका हातात बसला की झालं.

तुकोबांच्या मागे चौदा टाळकरी उभे असत असं परंपरा सांगते. त्यांतल्या संताजी जगनाड्यांच्या हातच्या वह्या प्रसिद्धच आहेत. गाणारा एक, मागे धरणारे अनेक आणि त्यांतलाच एक लिहून ठेवणारा, ही रचना सुरुवातीपासूनची आहे.

पोथी आणि बाड

“पण मग मूळ शब्द कोणता?” हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. रास्त आहे. परंपरेनेही तो विचारलेला आहे.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इ.स. १२९०. पुढच्या तीनेकशे वर्षांत नकला करता करता तिच्यात पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून पाहून ती शुद्ध केली आणि शेवटी बजावलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. आपल्याकडचं हे पाठसंपादनाचं फार जुनं आणि ठसठशीत उदाहरण. म्हणजे ‘शब्द अचूक राखला पाहिजे’ हा विचार इंग्रजांनी आणलेला नाही.

पण लक्षात घ्या, हा नियम ग्रंथासाठी होता, समोर ठेवून वाचायच्या पोथीसाठी. अभंगांचं जगणं वेगळं होतं. ख्रिस्तियन नोव्हेट्झके यांनी नामदेवांवरच्या त्यांच्या २००८ सालच्या पुस्तकात पोथी आणि बाड हा फरक फार छान दाखवलाय. बाड म्हणजे कीर्तनकाराची लांबट वही. त्यात त्याला लागतील तसे वेगवेगळ्या संतांचे अभंग, टिपणं, आठवणीचे तुकडे असत. पोथी जपायची, बाड वापरायचं. बाड हे कीर्तनाला मदत म्हणून, कीर्तनाच्या जागी नाही.

नामदेवांचं उदाहरण तर बोलकंच आहे. त्यांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. तो ग्रंथ १६०४ साली सिद्ध झाला तेव्हा त्यात ती आली आणि तिथे पक्की झाली, कारण ग्रंथसाहिबातला शब्द हलवायचा नाही हा दंडक. इकडे महाराष्ट्रात नामदेवांचे अभंग गात्या गळ्यांत राहिले, वाढले, नंतरच्या विष्णुदास नामा यांच्या रचनांत मिसळले. कोणता अभंग कोणत्या नाम्याचा यावर अभ्यासक अजून भांडतात. एकाच अभंगाखाली दोन ठिकाणी दोन संतांची मुद्रा, असंही सापडतं.

तुकोबांच्या बाबतीत मोठा टप्पा १८६९ चा. मुंबई सरकारच्या पैशाने इंदुप्रकाश छापखान्याने तुकोबांची गाथा छापायला घेतली, शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली विष्णुशास्त्री पंडित तिचे संपादक. वेगवेगळ्या ठिकाणची हस्तलिखितं ताडून ती सिद्ध झाली. फार मोठं काम, माझा अभ्यास त्याच्याशिवाय उभाच राहत नाही. पण तुकोबांना जाऊन तेव्हा सव्वादोनशेच्या आसपास वर्षं झाली होती, आणि त्या सगळ्या काळात अभंग म्हणायचे कुणी थांबलं नव्हतं. छापील गाथा म्हणजे त्या वाहत्या पाण्यातून भरून घेतलेली एक घागर. पाणी खरंच आहे. पण घागरीत नाही ते पाणी खोटं, असं म्हणता येत नाही.

मग काहीही चालतं का?

नाही. इथे मला जपून बोललं पाहिजे, नाहीतर ‘सगळंच बरोबर’ असा निष्कर्ष निघेल. ‘चूक’ हा रकाना मी काढला आणि त्याच्या जागी तीन केले.

पहिला, ऐकण्यातली गफलत. गणपतीत आरतीतल्या चुकीच्या शब्दांचे मेसेज दर वर्षी फिरतात ना, ते हे. जुना शब्द कानावर नीट पडला नाही म्हणून ओळखीचा शब्द बसवला आणि अर्थ गेला. हे भजनातही होतं. पण अर्थ गेला की कुणीतरी टोकतं. बहुतेक वेळा तोंडाने नाही, फक्त पुढच्या आवर्तनात बरोबर शब्द जरा मोठ्याने म्हणून.

दुसरा, पाठभेद. छंद टिकला, यमक टिकलं, अर्थ टिकला, आणि ते मंडळ पिढ्यान् पिढ्या तसंच म्हणतंय. आजींचा शब्द इथला.

तिसरा, जाणूनबुजून केलेला बदल. एका मंडळातल्या बायका एका अभंगातलं एक कडवं गाळतात. आधी मला वाटलं विसरल्या. विचारलं तर एक काकू म्हणाल्या, “त्यात बाईमाणसाला वाईट बोललंय. म्हणून आमी ते घेत नाय.” ही विस्मृती नाही, हे संपादन आहे. विष्णुशास्त्री पंडितांनी टेबलावर बसून केलं, काकूंनी मांडी घालून केलं. दोघांचे निकष वेगळे. कुणाचा निकष पटतो यावर वाद घालता येईल, पण तो निर्णय आहे हे आधी मान्य करायला हवं.

आजींचा शब्द कुठून आला?

दुसऱ्या वर्षी मी नदीपलीकडच्या एका गावात रेकॉर्डिंगला गेले. तिथल्या मंडळाने तोच अभंग म्हटला आणि तिसऱ्या कडव्यात मला एकदम तोच शब्द ऐकू आला. मी रेकॉर्डर मागे नेऊन तीनदा ऐकला. मग चौकशी करता करता कळलं की ते आजींचं माहेर.

म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली एक मुलगी तो शब्द बरोबर घेऊन आली आणि सासरच्या मंडळात म्हणत राहिली. तिच्या ध्रुपदामागे बसून शिकलेल्या बायकाही तोच म्हणतात, हे मी माझी जुनी रेकॉर्डिंग परत ऐकली तेव्हा लक्षात आलं. पुरुषांच्या भजनात शब्दांची वाट दिंडी, फड, गुरुपरंपरा अशी शोधता येते. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, त्यानंतर शिकून आलेल्या कीर्तनकारांमार्फतही पाठ पसरले. बायकांच्या भजनात मात्र शब्दांची वाट सोयरिकींची असावी, असं मला वाटायला लागलंय. एका उदाहरणावरून सिद्धांत होत नाही, गाईडनी हे लाल पेनने लिहूनही दिलंय. पण आता प्रत्येक मंडळात मी “माहेर कुठलं?” हा प्रश्न विचारते. आधीच्या प्रश्नावलीत तो नव्हताच.

आता काय पणाला लागलंय

हल्ली मंडळात निम्म्या जणींच्या हातात मोबाईल असतो. ॲपवर अभंग शोधायचा आणि बघून म्हणायचा. याला नावं ठेवायची नाहीत मला. जिला सगळी कडवी पाठ व्हायला दोन वर्षं लागली असती ती आज पहिल्याच महिन्यात अभंग धरते, हे चांगलंच आहे. पण स्क्रीनवर एकच पाठ असतो. समोर लिहिलेलं आणि आजींच्या तोंडचं जुळलं नाही की लिहिलेलं जिंकतं, भांडण न होता, एका ‘बरं’वर. मी त्या संध्याकाळी जे केलं तेच आता रोज थोडं थोडं होतंय. जो शब्द नदी ओलांडून आला आणि पन्नास-साठ वर्षं टिकला, तो एका चातुर्मासात जाऊ शकतो.

परत गेले तेव्हा मी आजींना माहेरच्या मंडळाचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी फोन कानाला लावून पूर्ण अभंग ऐकला. म्हणाल्या, “आमच्या आईच्या तोंडचा शब्द हाय त्यो.” मी माफी मागितली. त्या हसल्या, म्हणाल्या, “तुझं बी खरंच की पोरी. पुस्तकात तसंच आसंल.” त्या दिवशी त्यांनी अभंग धरला. नंतरच्या एकादशीला परत टाळ शेजारणीकडे दिला, गुडघे दुखत होते म्हणे. खरं कारण कोणतं, ते मी विचारलं नाही.

तर तुमच्याकडे एक काम. घरात कुणाची भजनाची जुनी वही असेल, कडेला तेलाचे-हळदीचे डाग पडलेली, तर रद्दीत टाकू नका. पान पान फोटो काढून ठेवा. आजी, आत्या, मावशी कुणी म्हणणारी असेल तर तिचा आवाज रेकॉर्ड करा, आणि कुणाकडून शिकलीस, माहेर कुठलं, तेही विचारून घ्या. आणि तिचा शब्द गाथेशी जुळला नाही, तर निदान तिच्यासमोर पुस्तक उघडू नका. आधी ध्रुपद धरा.